आमच्या गव्हाची थंडी

डिसेंबर संपत आला की वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते: निफाडचा पारा घसरला. कधी सात अंश, कधी पाच, एखाद्या वर्षी त्याहूनही खाली. सोबत शेकोटीभोवती बसलेल्या माणसांचा नाहीतर दवाने भिजलेल्या द्राक्षबागेचा फोटो. पुण्या-मुंबईचे लोक तो आकडा वाचून स्वेटर काढतात. हा आकडा बहुतेक वेळा कुंदेवाडीहून येतो. नाशिक जिल्ह्यातल्या निफाडजवळच्या या गावात गहू संशोधन केंद्र आहे, आणि तिथला तापमापक गव्हासाठी लावलेला आहे. थंडीची बातमी म्हणून आपण जे वाचतो, ती मुळात गव्हाच्या पिकाची नोंद आहे.

मी त्याच तालुक्यातला. आमच्याकडे थंडी ही सगळ्यांना सारखी लागत नाही. पारा उतरला की द्राक्षवाला रात्री झोपत नाही. मणी तडकण्याची भीती असते, म्हणून पहाटे बागेत ठिकठिकाणी शेकोट्या करून धूर करतात, ठिबकचं पाणी सोडतात. आणि बांधापलीकडे ज्याने गहू केला आहे, तो त्याच पहाटे कानाला मफलर गुंडाळून शेतात उभा राहतो आणि खूश होतो. माझे काका द्राक्षही करतात आणि दीड-दोन एकर गहूही. त्यांना मी एकदा विचारलं होतं, मग तुमचं मन कुठल्या बाजूला असतं? ते म्हणाले, "द्राक्षाला पैसा लागलाय बाबा, पण गव्हाला ही थंडी नाही मिळाली तर त्याने जायचं कुठं?"

काकांच्या या प्रश्नातच महाराष्ट्राच्या गव्हाची सगळी गोष्ट आहे, असं मला वाटतं.

आकड्यांत ती गोष्ट फार वाईट दिसते. देशाची गव्हाची सरासरी हेक्टरी ३५ क्विंटलच्या आसपास आहे. पंजाब-हरियाणात ती ४५ ते ५० च्या घरात जाते. महाराष्ट्राची अठरा-वीसच्या आसपास घुटमळते. शेतीवरच्या कुठल्याही चर्चेत हा आकडा आला की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: आपला शेतकरी मागे, आपलं तंत्र मागे, किंवा सरळ, महाराष्ट्राने गहू करूच नये. हे वाक्य बोलणाऱ्यांनी गव्हाचं एक झाड उपटून नीट पाहावं असं मला फार वाटतं.

गव्हाचं उत्पादन तीन गोष्टींच्या गुणाकाराने ठरतं: जागेत ओंब्या किती, ओंबीत दाणे किती, आणि दाणा किती भरलेला. एका चौरस मीटरमध्ये ३५० ओंब्या, दर ओंबीत ३५ दाणे आणि हजार दाण्यांचं वजन ४० ग्रॅम धरा. चौरस मीटरला ४९० ग्रॅम होतात, म्हणजे हेक्टरी ४९ क्विंटल. आता ओंब्या तेवढ्याच, दाणे तेवढेच, फक्त हजार दाण्यांचं वजन ४० ऐवजी ३२ ग्रॅम झालं तर हेक्टरी दहा क्विंटल गेले. रोग नाही, कीड नाही, खत कमी पडलेलं नाही. फक्त दाणा बारीक राहिला. आणि दाणा बारीक का राहतो, तर फेब्रुवारीत दुपार तापायला लागली म्हणून.

या तिन्ही गोष्टींवर थंडीची सत्ता आहे. पेरल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात रात्री गार असल्या की झाड फुटवे काढतं. एका दाण्यातून तीन-चार-पाच ओंब्या उभ्या राहतात त्या या दिवसांत. पुढे थंडी टिकली की झाड घाई करत नाही, ओंबी पोटरीत, म्हणजे वरच्या पानाच्या आवरणात, निवांत घडते. आणि फुलोऱ्यानंतर दाणा चिकात, म्हणजे अजून दुधाळ, असताना हवा गार राहिली, तर पानं जास्त दिवस हिरवी राहून दाण्यात साखर ओतत राहतात. उष्णता वाढली की झाड वय आवरतं घेतं. आमच्याकडे याला गहू 'उरकला' म्हणतात. बाहेरून पीक सोनेरी आणि सुंदर दिसतं, मळणीला गेल्यावर पोतं हलकं भरतं.

पंजाबात गहू १४० ते १५० दिवस शेतात असतो. आमच्याकडे ११० ते ११५ दिवसांत तो कापायला येतो. कारण आमचा हिवाळाच तेवढा. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत, त्यातही मध्येच ढगाळ हवा, मध्येच उकाडा. म्हणून मी एक साधा हिशेब मांडून पाहतो. निफाडचा त्र्यंबक नावाचा वाण आहे, एनआयएडब्ल्यू ३०१. वेळेवर पेरला, पाणी पुरेसं मिळालं, तर हेक्टरी ४० ते ४५ क्विंटल देतो. ४२ धरले आणि ११५ दिवसांनी भागले, तर दिवसाला साधारण साडेछत्तीस किलो. पंजाबातला चांगला शेतकरी हेक्टरी ६० क्विंटल काढतो असं धरलं आणि १५० दिवसांनी भागलं, तर दिवसाला ४० किलो. अंतर आहे, पण ते हेक्टरच्या आकड्यात दिसतं तेवढं नाही. चांगलं रान आणि चांगला शेतकरी दोन्हीकडे घेतला, तर उरलेला फरक मुख्यतः दिवसांचा आहे.

मग सरासरी अठरा-वीस का? कारण त्या एका आकड्यात तीन-चार वेगवेगळी शेतं कोंबलेली आहेत. नदीकाठचं, कालव्याखालचं, विहिरीचं पाणी असलेलं शेत आहे. आणि काळ्या भारी जमिनीत पावसाळ्याच्या मुरलेल्या ओलीवर वाढणारा जिरायत गहूही आहे, ज्याला पेरल्यापासून कापेपर्यंत एकही पाणी मिळत नाही. त्यासाठी पंचवटी नावाचा बन्सी, म्हणजे रव्या-शेवयांच्या कडक गव्हाचा, वाण आहे. त्याची शिफारसच हेक्टरी १२ ते १५ क्विंटलची आहे. तेवढे निघाले तर तो शेतकरी यशस्वी झाला. त्याला ५० क्विंटलवाल्याशेजारी उभा करून नापास ठरवणं हा अन्याय आहे, आणि मला याचा खरोखर राग येतो.

याहून मोठा गट तिसरा आहे, आणि त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. महाराष्ट्रात गहू हे बहुतेक घरी दुय्यम पीक आहे. सोयाबीन निघाल्यावर जे रान मोकळं होईल ते, ऊस तुटल्यावर जे हाताशी येईल ते, कांद्याला देऊन जे पाणी उरेल ते गव्हाचं. परतीचा पाऊस लांबला की सोयाबीनची काढणी लांबते, रानाला वाफसा येत नाही, म्हणजे ते पेरण्याइतकं सुकत नाही, पेरणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत व्हायची ती डिसेंबरच्या मध्यावर जाते. कृषी विद्यापीठाची शिफारस सांगते की नोव्हेंबरचा मध्य उलटल्यावर दर पंधरवड्याच्या उशिराला हेक्टरी अडीच क्विंटलची घट धरावी. म्हणजे महिनाभर उशीर झाला तर पेरतानाच पाच क्विंटल गेले. आणि असा उशीर लाखो शेतांवर होतो. त्यात त्या माणसाचा आळस नाही. आधीचं पीक रानात उभं असताना तो गहू पेरणार कुठे?

पाण्याचंही तसंच. गव्हाला पाणी कधी द्यायचं हे आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहे. साधारण विसाव्या दिवशी मुकुटमुळं फुटतात तेव्हा, चाळिसाव्या-पंचेचाळिसाव्या दिवशी कांडी धरताना, साठ-पासष्ट दिवसांनी फुलोऱ्यात, आणि मग दाणा भरताना. पण मला शिफारशींतला सगळ्यात हलवणारा भाग वाटतो तो पुढचा: पाणी कमी असेल तर काय करावं. तीन पाणी असतील तर २०-२२, ४०-४२ आणि ६०-६५ दिवसांनी. दोनच असतील तर २०-२२ आणि ६०-६५. आणि एकच असेल तर ४० ते ४२ दिवसांनी. ज्याने हे प्रयोग करून लिहून ठेवलं, त्याच्या डोळ्यांसमोर भरलेली विहीर असलेला शेतकरी नव्हता. जानेवारीत तळ दिसू लागलेल्या विहिरीच्या काठावर बसून, हे शेवटचं पाणी कुठल्या दिवशी सोडू असा विचार करणारा माणूस होता. पंजाबच्या आकड्याशी तुलना करताना हा माणूस मोजलाच जात नाही. त्यात वीज रात्रीची असते. जानेवारीच्या थंडीत बॅटरी घेऊन गव्हाचे सारे, म्हणजे लांब वाफे, पाण्याने भरत फिरणं काय असतं, हे मी लहानपणापासून पाहिलं आहे. पाय बधिर होतात, आणि बांध फुटला तर त्याच पायांनी चिखलात उतरावं लागतं.

कुंदेवाडीच्या केंद्रात स्वातंत्र्याच्या आधीपासून गव्हावर काम चालू आहे. तिथून निघालेल्या वाणांची नावं वाचली की नाशिकचा नकाशा दिसतो: त्र्यंबक, तपोवन, पंचवटी, गोदावरी. अलीकडचा नेत्रावती, एनआयएडब्ल्यू १४१५, हा कमी पाण्यासाठी आहे. फुले समाधान, एनआयएडब्ल्यू १९९४, हा वेळेवर आणि उशिरा अशा दोन्ही पेरण्यांना चालतो. या शेवटच्या वाणाला माझ्या मते फार मोठं श्रेय द्यायला हवं. कारण तो शेतकऱ्याला 'वेळेवर पेरा' असं सांगून थांबत नाही. तुला उशीर होणार हे मला माहीत आहे, असं समजून घेऊन तयार केलेला आहे.

पण निफाडचं मूळ काम उत्पादन वाढवण्याइतकंच तांबेऱ्याला, म्हणजे पिकावर गंजासारख्या चढणाऱ्या बुरशीच्या रोगाला, तोंड देण्याचं होतं, आणि इथे महाराष्ट्राच्या गव्हाची अशी एक बाजू आहे जी क्विंटलमध्ये उतरतच नाही. आग्र्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ करमचंद मेहता यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात शोधून काढलं की मैदानातल्या उन्हाळ्यात तांबेऱ्याची बुरशी तगत नाही. ती डोंगरांवर जिवंत राहते. काळा तांबेरा दक्षिणेत निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांवर तग धरतो. तिथून त्याचे बीजाणू वाऱ्यावर बसून, हिवाळ्याच्या सुरुवातीच्या पावसाबरोबर उत्तरेकडे सरकतात. त्यांच्या वाटेवर पहिला मोठा गहू लागतो तो कर्नाटकाचा आणि आपला. इथे रोगाला बळी पडणारा गहू उभा असेल तर बुरशी वाढते आणि पुढे मध्य भारताकडे जाते. इथे प्रतिकारक वाण उभे असतील तर तिची वाट इथेच तुटते. म्हणून महाबळेश्वरला गहू गेरवा (म्हणजे तांबेरा) संशोधन केंद्र आहे, म्हणून निफाडला प्रत्येक नवा वाण आधी तांबेऱ्यापुढे उभा करतात. आमच्या हेक्टरी वीस क्विंटलने उत्तरेचं किती पीक राखलं, याचा तक्ता कुठल्याही अहवालात छापला जात नाही. छापला गेला पाहिजे.

आणि खपली. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि पलीकडे बेळगाव-विजापूर पट्ट्यातला हा जुना गहू. साल दाण्याला इतकी घट्ट चिकटलेली की मळल्यानंतरही ती वेगळी काढावी लागते. लांब, तांबूस दाणा. त्याची गूळ घालून केलेली खीर ज्याने कृष्णाकाठी पंगतीत बसून खाल्ली आहे, त्याला मी वेगळं काही सांगायला नको. हल्ली शहरात मधुमेहावरचा गहू म्हणून तो महाग विकला जातो, आणि त्यामुळे लागवड टिकली हे बरंच झालं. पण खपलीचं खरं मोठेपण दुसरीकडे आहे. १९२२ च्या सुमारास अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात एल्विन स्टॅकमन आणि लेव्हिन यांनी काळ्या तांबेऱ्याच्या जाती ओळखण्यासाठी बारा गव्हांचा एक संच ठरवला. बुरशी कुठल्या गव्हावर चढते आणि कुठल्यावर नाही, यावरून तिची जात ठरवायची. त्या बारांत एक नाव होतं खपली. जगभरचे रोगशास्त्रज्ञ नंतर कित्येक वर्षं तो संच वापरत होते. ऑस्ट्रेलियात वॉटरहाऊस यांनी खपलीचा संकर करून त्यातली प्रतिकारशक्ती साध्या गव्हात आणली. पुढे एसआर १३ आणि एसआर १४ ही काळ्या तांबेऱ्याविरुद्धची जनुकं खपलीत ओळखली गेली. युगांडात १९९८ साली जो नवा तांबेरा सापडला आणि ज्याने जगभरच्या गहू संशोधकांची झोप उडवली, त्याच्यासमोरही एसआर १३ टिकतं. आमच्या कृष्णाकाठच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेतकऱ्यांनी उत्पादन कमी आहे म्हणून खपली टाकून दिली असती, तर खपलीतलं हे हाती लागलं नसतं.

त्याच स्टॅकमन यांच्या विभागात नॉर्मन बोरलॉग शिकले. त्यांनी मेक्सिकोत तयार केलेल्या बुटक्या गव्हात जपानच्या नोरिन १० या वाणाचं बुटकेपण होतं. आधीचे उंच गहू खताचा डोस वाढवला की लोळायचे. बुटका ताठ उभा राहिला, आणि खत दाण्यात उतरलं. १९६६ साली भारताने मेक्सिकोहून १८ हजार टन बियाणं आणलं. १९६४-६५ मध्ये देशाचा गहू १२० लाख टनांच्या आसपास होता. २०२४-२५ मध्ये तो साडेअकरा कोटी टनांच्या वर गेला. या कामगिरीपुढे मी मनापासून नतमस्तक आहे. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर सुकडी खाऊन दिवस काढलेली माणसं आमच्या घरात होती. धान्याची कोठारं भरलेली असणं म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगायला लागत नव्हतं. ती कोठारं पंजाब-हरियाणाने भरली, नंतर मध्य प्रदेशाने. पंजाबने त्यासाठी आपलं भूजल उपसून खाली नेलं, तेही विसरता येत नाही.

पण त्या मोठ्या आकड्याची एक बाजू मार्च २०२२ मध्ये उघडी पडली. १९०१ पासूनच्या नोंदींत देशाचा तो सर्वांत उष्ण मार्च ठरला. पंजाब-हरियाणात गहू तेव्हा दाणा भरत होता. तिकडे दाणा आकसला, सरकारला उत्पादनाचा अंदाज खाली आणावा लागला, आणि १३ मे रोजी निर्यात थांबवली गेली. टीव्हीवर लुधियानाकडचा एक शेतकरी मूठभर गहू हातात घेऊन दाणा किती बारीक झाला ते दाखवत होता. काका पाहत होते. ते म्हणाले, "हा तर आमचा दाणा आहे."

आमच्याकडे दर दोन-तीन वर्षांनी होतं ते तिकडे त्या वर्षी मोठ्या प्रमाणात झालं. छोटा हिवाळा, अचानक तापणारा फेब्रुवारी, दाणा चिकात असताना आलेली उष्णता: या सगळ्याशी झुंजण्याचा अनुभव महाराष्ट्राच्या गव्हाकडे फार जुना आहे. ११० दिवसांत तयार होणारे, उशिरा पेरले तरी तग धरणारे, एका-दोन पाण्यावर दाणा देणारे वाण इथे इतकी वर्षं निवडले गेले आहेत. यापुढे उत्तरेला या गुणांची गरज पडणार आहे, आणि हे बियाणं नुसतं प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये ठेवून भागत नाही. ते दरवर्षी पेरणारी शेतं लागतात.

ती शेतं टिकावीत असं वाटत असेल, तर हा गहू कोणासाठी पिकतो हेही पाहायला हवं. आमच्या भागात कितीतरी गहू बाजारात जातच नाही. घरापुरता ठेवतात, लेकीकडे एक पोतं जातं, शहरातल्या भावाकडे एक. पूर्वी पोळी सणावारी आणि पाहुणा आल्यावर, रोजची भाकरी. आता पोळी रोजची झाली. एप्रिल-मेमध्ये शहरातली घरं वर्षाचा गहू भरतात, लोकवन घ्यायचा की सिहोर यावर चर्चा होते, गच्चीवर ऊन देऊन, एरंडेल चोळून किंवा कडुनिंबाचा पाला घालून तो डब्यात जातो. त्यातला बराचसा मध्य प्रदेशातून येतो. सरकारी खरेदीत आमचा गहू जवळजवळ नसतोच. २०२५-२६ च्या हंगामाला क्विंटलला २४२५ रुपये हमीभाव होता. निफाडच्या शेतकऱ्याला त्याचा आधार कागदावरच राहतो, कारण तो घेणारं केंद्र त्याच्या गावाजवळ उघडत नाही. पंजाबचा शेतकरी वेळेवर पेरतो, कारण गहू हेच त्याचं रब्बीचं मुख्य पीक आहे आणि ते विकलं जाणार याची त्याला खात्री आहे. ती खात्री काढून घेतली तर तिथलेही आकडे कसे दिसतील याचा विचार व्हावा.

मार्चमध्ये पंजाबचे हार्वेस्टर आमच्याकडे येतात. सरदारजी मंडळी मशीनवरच राहतात, आमच्याकडचा गहू आधी पिकतो म्हणून आधी इकडे, मग मध्य प्रदेश, मग वैशाखीला आपल्या गावी. पूर्वी एका शेताची कापणी आणि खळ्यावरची मळणी, उफणणी यात दिवसच्या दिवस जायचे, आता एकर अर्ध्या-पाऊण तासात मोकळा होतो. गव्हांडा, म्हणजे गव्हाचा भुसा-काड, मात्र रानातच पसरून राहतो. या चालकांनी दोन्हीकडचा गहू पाहिलेला असतो. त्यांच्यापैकी एकाला मी विचारलं होतं, आमचं पीक कसं वाटतं? तो म्हणाला, झाड छोटं आहे, पण दाणा चांगला आहे, आणि एवढ्या कमी दिवसांत आमच्याकडे हे कोणी काढून दाखवणार नाही. पाहुणा म्हणून तो चांगलं बोलला असेल, हे मी धरून चालतो. तरी दिवस मोजायचं त्यालाही सुचलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

सरकारी उत्पादनाचा आकडा पीक कापणी प्रयोगातून येतो. शेतात ठरलेल्या मापाचा तुकडा आखायचा, तो कापायचा, मळायचा, वजन करायचं. काम कष्टाचं आहे आणि ते करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण शेवटी आपल्यापर्यंत पोचतो तो एकच आकडा. मला तिथे अजून तीन रकाने सगळ्यांना दिसतील असे हवे आहेत: पेरणी कुठल्या आठवड्यात झाली, पाणी किती वेळा मिळालं, आणि पीक किती दिवस रानात होतं. जिरायत गहू जिरायतीशी तोलावा, डिसेंबरचा डिसेंबरशी. मग निफाडच्या बागायतदाराने खरंच कुठे कमी केलं ते कळेल, आणि एका पाण्यावर वीस क्विंटल काढणाऱ्याने काय केलं तेही. त्यावरून कुठल्या तालुक्यात लवकर निघणारं सोयाबीन न्यायचं, कुठे कालव्याचं आवर्तन आठवडाभर अलीकडे आणायचं, कुठे उशिराचा वाण पोचवायचा, हे ठरवता येईल. काकांनी या वर्षी द्राक्षाशेजारच्या रानात समाधान आणि पाणी कमी असलेल्या वरच्या तुकड्यात नेत्रावती पेरायचं ठरवलं आहे. पेरणीची तारीख, प्रत्येक पाण्याचा दिवस आणि निघालेली पोती दोन्ही तुकड्यांसाठी वेगळी लिहायला मी त्यांना वही दिली आहे, आणि शेजारच्या चार घरांनीही तशीच वही मागितली आहे.